नागपुरातून थायलंड: आधी सुट्टी, फ्लॅट दुसऱ्या फेरीला

पट्टाया-फुकेतला गेलेल्या नागपूरकराच्या डोक्यात चौथ्या दिवशी हिशेब सुरू होतो. समुद्र दिसणारा वन-बीएचके एवढ्याला, आणि आपल्याकडे बेसा-मनीषनगरात टू-बीएचके तेवढ्याला. संध्याकाळी मॉलमधल्या स्टॉलवर कुणीतरी गार सरबत हातात देतं, सकाळी बिल्डरची गाडी हॉटेलखाली उभी असते आणि परतताना खिशात बुकिंगची पावती. पैसा भारतातून कोणत्या वाटेने न्यायला हवा होता, हे घरी आल्यावर सीएकडून कळतं.

सुट्टीची फेरी आणि खरेदीची फेरी एक करू नका. पहिल्या फेरीत देश बघा, दुसरीत कागद बघा.

कोणता महिना, कोणता किनारा

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून इथली कुटुंबं मे-जूनमध्ये निघतात. बँकॉकचा पारा तेव्हा पस्तिशीत असतो. पंचेचाळीसातून जाणाऱ्याला ते ऐकून गार वाटतं, पण तिथलं ऊन आपल्यासारखं कोरडं नाही. घाम वाळत नाही, सावलीत उभं राहूनही सुटका नसते. बाहेरचं सगळं सकाळी आठ ते अकरात उरका, दुपार मॉलला किंवा संग्रहालयाला द्या.

थायलंडला दोन किनारे आहेत आणि दोन्हीकडचा पाऊस वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत. फुकेत, क्राबी आणि फी फी बेटं अंदमान समुद्रावर आहेत. तिथे मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. लाटा उंच असतात, किनाऱ्यावर लाल बावटा लागला की पाण्यात उतरायचं नाही, आणि बोटीच्या सहली ऐनवेळी रद्द होतात. जूनमध्ये फुकेत स्वस्त मिळतं ते यामुळेच. को सामुई दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात आहे. जून ते ऑगस्टमध्ये तिथे बरंच कोरडं असतं आणि खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात कोसळतो. म्हणून उन्हाळी सुट्टीत समुद्र हवा असेल तर सामुई. दिवाळीच्या सुट्टीत सामुई नको. तेव्हा बँकॉक, अयुत्थया आणि उत्तरेचं चियांग माई करा. चियांग माई नोव्हेंबर ते जानेवारीत फार छान असतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मात्र शेतातलं काड आणि जंगल जाळल्याचा धूर शहरावर साचून राहतो. घरात दम्याचं माणूस असेल तर त्या काळात तिकडे फिरकू नका.

१३ ते १५ एप्रिल हा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. रस्त्यावर पाण्याची रंगपंचमी असते आणि सरकारी कार्यालयं बंद. सुट्टीला जाणाऱ्याने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. खरेदीला जाणाऱ्याने तो आठवडाच टाळावा.

तिकीट आणि प्रवेश

नागपूरहून थेट विमान नाही. कोलकात्याहून बँकॉक सुमारे अडीच तास, मुंबईहून चार-सव्वाचार तास. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असू द्या. नागपूर-कोलकाता एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात वेगळं काढलं, तर मधल्या विमानतळावर सामान उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते. तसं काढायचंच असेल तर मध्ये किमान पाच तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे असाल तर धुक्यासाठी आणखी. बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. परतीचं विमान कुठून आहे ते तिकिटावर दोनदा वाचा, कारण दोन्हींत शहराच्या गर्दीतून तासाभराहून जास्त अंतर पडू शकतं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे.

१५ जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टला ६० दिवस विनाव्हिसा प्रवेश दिला गेला. ही मुदत फिरवण्याचा विषय तिथे अधूनमधून निघतो, म्हणून तिकिटाआधी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या साइटवर त्या दिवशीचा नियम वाचून घ्या. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, थाई इमिग्रेशनच्या साइटवर, फुकट भरायचं असतं. गुगलवर वर दिसणाऱ्या काही साइट याच कार्डाचे पैसे घेतात. पैसे मागितले की समजायचं, साइट चुकली. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरती रक्कम दाखवता येईल असं काहीतरी हाताशी ठेवा. विचारतात क्वचित, पण विचारलं आणि दाखवता आलं नाही तर पंचाईत होते.

तिथे फिरताना

रुपये घेऊन जाऊ नका, भाव वाईट मिळतो. डॉलरच्या शंभराच्या कोऱ्या नोटा न्या आणि विमानतळावर फक्त टॅक्सीपुरते बदला. शहरातल्या मनी-चेंजरकडे भाव बरा असतो. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाहत किंवा त्याहून जास्त कापतं, म्हणून थोडे थोडे काढण्यात तोटा आहे. कार्ड घासताना यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की बाहतमध्ये? नेहमी बाहत. रुपये निवडले की दुकानाच्या बँकेचा दर लागतो आणि दोन-चार टक्के हकनाक जातात.

सुवर्णभूमीहून शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक आहे, भाडं १५ ते ४५ बाहत. टॅक्सीत 'मीटर' म्हणा, मीटर ३५ बाहतपासून सुरू होतं. नाही म्हणाला तर उतरा, मागे दुसरी उभीच असते. राजवाड्याबाहेर भेटणारा सुटाबुटातला माणूस 'आज बंद आहे, चला तुम्हाला दुसरं मंदिर दाखवतो' म्हणाला की त्याच्या टुकटुकचा शेवटचा थांबा खड्यांच्या दुकानात असतो. ग्रँड पॅलेस खरंच बंद आहे का, ते दारावर जाऊन बघा. परदेशी पाहुण्याला तिकीट ५०० बाहत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

भाड्याची स्कूटर हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. तिथेही गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला सोपं वाटतं. पण आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो आपल्या आरटीओतून जाण्याआधी काढायचा, आणि त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. तो नसताना अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स पैसे देत नाही. दवाखान्याचं बिल सुट्टीच्या खर्चाच्या कितीतरी पट होतं. स्कूटरवाल्याकडे पासपोर्ट गहाण ठेवू नका. झेरॉक्स आणि रोख अनामत द्या, आणि गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, बॅगेत सापडली तरी. राजघराण्याबद्दल चेष्टेतही काही बोलू किंवा पोस्ट करू नका. फौजदारी कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे.

शाकाहारी माणसाची अडचण भाजीत नसते, सॉसमध्ये असते. नुसत्या पालेभाजीतही 'नाम प्ला' म्हणजे माशाचा रस आणि ऑयस्टर सॉस पडतो. 'व्हेज' शब्द कळत नाही. 'जे' म्हणा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात हा शब्द लिहिलेली दुकानं दिसतात. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. घरातल्या आजींची सोय तिथेच होते. आणि सावजी खाणाऱ्यांनी 'थाई हॉट सांगा, बघू' असा आव आणू नये. आपल्या तर्रीचा तिखटपणा तेलातून हळूहळू येतो, तिथली छोटी हिरवी मिरची कच्चीच येते.

दीक्षाभूमीच्या शहरातून जाणाऱ्यांसाठी

नागपूर-कामठीहून जाणाऱ्यांतले पुष्कळजण थायलंडला बौद्ध देश म्हणूनही जातात. बँकॉकपासून साधारण ५५ किलोमीटरवर नाखोन पाथोम आहे. नाखोन म्हणजे नगर, पाथोम म्हणजे प्रथम. सम्राट अशोकाने धाडलेले भिक्खू इथे आले, अशी तिथली परंपरा. इथला फ्रा पाथोम चेदी, म्हणजे स्तूप, जवळपास १२० मीटर उंच आहे. आपला दीक्षाभूमीचा स्तूप १२० फूट, म्हणजे अंदाज येईल. रेल्वेने सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. अयुत्थया सुमारे ८० किलोमीटर. १३५० ते १७६७ ही राजधानी होती आणि १९९१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथले भग्न बुद्ध पाहताना मूर्तीच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा असेल तर आधी खाली बसा. आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याहून वर नको, हा तिथला रिवाज आहे.

विहारात चपला बाहेर, पाय मूर्तीकडे नकोत, आणि बायकांनी भिक्खूंच्या हातात थेट काही देऊ नये. ते पुढे कापड पसरतात, त्यावर ठेवावं. तिथल्या तारखा बुद्धवर्षात असतात. इसवी सनात ५४३ मिळवायचे, म्हणजे २०२५ ला २५६८. आपल्याकडे वैशाख पौर्णिमेनंतर ५४४ धरतात, म्हणून एका वर्षाचा फरक दिसतो. ५४३ चा हा हिशेब पुढे फ्लॅटच्या कागदांवर उपयोगी पडेल.

घरी बुद्धमूर्ती आणायची असेल तर गळ्यातलं छोटं ताईत चालतं. मूर्ती देशाबाहेर न्यायला थाई ललित कला विभागाचा परवाना लागतो. दुकानदाराला विकत घेण्याआधी विचारा की परवाना काढून देणार का, आणि किती दिवसांत. 'काही लागत नाही' म्हणाला तर तिथे घेऊ नका.

आता फ्लॅट: जमीन मिळत नाही, युनिट मिळतं

परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन नावावर करता येत नाही. ४ कोटी बाहत ठरावीक ठिकाणी गुंतवणाऱ्याला एक राय (१६०० चौरस मीटर) जागेची एक अवघड वाट आहे, ती आपल्या कामाची नाही. कॉन्डोमिनियममधलं, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीतलं, युनिट मात्र पूर्ण मालकीने मिळतं. अट अशी की त्या इमारतीतल्या सगळ्या युनिटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांहून जास्त परदेशी लोकांच्या नावावर नको. हे टक्के फ्लॅटच्या संख्येवर मोजत नाहीत, क्षेत्रफळावर मोजतात. पट्टाया-फुकेतच्या इमारतींत हा कोटा संपलेला असतो आणि विक्रेता 'थाई कोट्यात घेऊ, नंतर बदलू' म्हणतो. नंतर बदलत नाही.

व्हिला दाखवणारे दोन मार्ग सुचवतात. एक, थाई कंपनी काढून तिच्या नावावर जमीन घ्यायची आणि कागदावर थाई भागीदार दाखवायचे. हे भागीदार नावालाच असतील तर तो गुन्हा आहे आणि जमीन विकायला लावतात. दुसरा, ३० वर्षांचा भाडेपट्टा. हा कायदेशीर आहे. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा जमीन कार्यालयात नोंदवावाच लागतो आणि नोंदणीला १.१ टक्के लागतात. पण '३० अधिक ३० अधिक ३०' असं जे ब्रोशरवर छापतात, त्यातले पहिले ३० खरे. कायद्याची कमाल मर्यादाच ३० आहे, पुढचे ६० म्हणजे आजच्या मालकाचा शब्द. त्याचा मुलगा तो पाळेल की नाही, ते तेव्हा कळेल.

पट्ट्याने जागा घ्यायची असली तरी खालच्या जमिनीचा कागद बघा. आपल्याकडे प्लॉट घेताना आरएल (प्लॉट अधिकृत असल्याचं पत्र) आहे का, एनए (बिगरशेती) आहे का, की नुसत्या विक्रीपत्रावरचा लेआऊट आहे, हे आपण विचारतो ना, तसंच तिथे आहे. 'चानोट' हा पक्का कागद. माथ्यावर लाल गरुड, हद्दी मोजलेल्या, चारही कोपऱ्यांवर क्रमांक घातलेले खुंट. हिरव्या गरुडाचा 'नोर सोर साम गोर' त्याच्या खालचा, काळ्या गरुडाचा त्याहून खालचा. हिरव्यापर्यंत एखादा वकील राजी होईल, काळा सोडून द्या. मोजमाप राय, न्गान आणि चौरस वामध्ये असतं. एक चौरस वा म्हणजे ४ चौरस मीटर, आपले साधारण ४३ चौरस फूट. ४०० चौरस वा म्हणजे एक राय, १६०० चौरस मीटर. एक एकर म्हणजे अडीच राय धरा.

युनिट घेण्याआधी मागायचे कागद

इमारतीचं व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेला तिथे 'नितिबुक्खोन' म्हणतात. नीती अधिक पुग्गल, पाली जाणणाऱ्याला शब्द लगेच उलगडेल. आपल्या सोसायटीसारखीच. तिच्याकडून दोन पत्रं लागतात. एक, हे युनिट परदेशी कोट्यात बसतं असं. दुसरं, युनिटवर देखभालीची थकबाकी नाही असं. ही पत्रं ताजी असावी लागतात, म्हणून नोंदणीच्या आठवड्यात काढतात. पण कोट्याचा आकडा मात्र बुकिंगच्या आधी लेखी मागा. शिवाय युनिटच्या मालकी कागदाची प्रत घ्या आणि त्यामागच्या नोंदी वकिलाकडून वाचून घ्या. बँकेचं गहाण असेल तर ते मागच्या बाजूला थाईत लिहिलेलं असतं. वकील तुमचा हवा. बिल्डरने 'फुकट' दिलेला वकील बिल्डरचाच असतो.

तयार इमारत घेत असाल तर २८ मार्च २०२५ च्या भूकंपानंतर झालेल्या तपासणीचा अहवाल मागा. केंद्र म्यानमारमध्ये होतं, पण बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एक उंच इमारत कोसळली आणि अनेक टॉवरांत भेगा पडल्या. भेग प्लॅस्टरची की खांबाची, हा फरक नव्या रंगाखाली दिसत नाही. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात पैसे अडकण्याचा धोका जास्त, कारण तिथे एस्क्रो खातं (ग्राहकाचे पैसे काम होईपर्यंत तिसऱ्याकडे राहतात ते) ठेवणं बिल्डरच्या मर्जीवर आहे, सक्ती नाही. आपल्याकडच्या महारेराची सवय झालेल्याने हे मनावर घ्यावं. ८० किंवा जास्त युनिटांच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. ती मिळण्याआधीच बुकिंग घेतात, मंजुरी अडली की पैसे परत मिळवण्यात वर्षं जातात. एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे: जाहिरातीत लिहिलेलं कराराचा भाग मानलं जातं. ब्रोशर, मॉडेलचे फोटो, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ, काहीही पुसू नका.

'सात टक्के हमी भाडं, तीन वर्षं' ही योजना ऐकली की शेजारच्या इमारतीतल्या तेवढ्याच जुन्या युनिटचा भाव काढा. बहुतेक वेळा हमीचं भाडं किमतीतच भरलेलं असतं, म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याने परत मिळतात. आणि आपण रिकाम्या दिवसांत ॲपवर रोजच्या भाड्याने देऊ, हा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने जागा देणं हॉटेल कायद्यात येतं आणि कॉन्डोच्या युनिटला तो परवाना सहसा मिळत नाही. शेजारी तक्रार करतात, दंड होतो. महिन्याने किंवा वर्षाने द्या.

पैसा कोणत्या वाटेने जातो

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या मागाहून दुरुस्त होत नाहीत. थाई जमीन कार्यालय परदेशी माणसाच्या नावावर युनिट करताना विचारतं की किमतीइतका पैसा परकीय चलनात देशाबाहेरून आला का. ५० हजार डॉलर किंवा जास्त रक्कम आली की थाई बँक परकीय चलन व्यवहाराचा फॉर्म देते, त्याला सगळे 'एफईटी' म्हणतात. कमी रकमेला बँकेचं जमा-पत्र चालतं. हा कागद नाही तर नोंदणी नाही.

म्हणून भारतातून डॉलरच पाठवायचे आणि त्यांचे बाहत तिथल्या बँकेतच होऊ द्यायचे. इथेच बाहत करून पाठवले तर फॉर्म मिळत नाही. पाठवणाऱ्याचं नाव आणि खरेदीदाराचं नाव एकच हवं. आपल्याकडची मधल्या नावाची भानगड इथे अडते. पासपोर्टवर वडिलांचं नाव, बँकेत नुसतं आद्याक्षर, पॅनवर लग्नाआधीचं आडनाव. पैसे पाठवण्याच्या महिनाभर आधी बँक खातं आणि पॅन पासपोर्टबरहुकूम करून घ्या. बुकिंग आणि नोंदणीच्या मध्ये पासपोर्ट नवा झाला तर जुनाही सोबत न्या. बँकेत पैसे कशासाठी या रकान्यात कॉन्डो युनिट खरेदी, प्रकल्पाचं नाव आणि युनिट क्रमांक इंग्रजीत लिहायला लावा. वाटेतल्या बँकांचं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचं असा पर्याय निवडा आणि वर शे-दोनशे डॉलर जास्त पाठवा. नाहीतर ५० हजार पाठवलेले ४९,९७० होऊन पोचतात आणि फॉर्मच मिळत नाही.

भारताच्या बाजूने हा पैसा रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, एलआरएसमधून जातो. माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. बँकेत ए-टू फॉर्म भरताना परदेशातल्या स्थावराचा उद्देश कोड एस-०००५ टाकायला सांगा. काउंटरवरचा माणूस सवयीने पर्यटनाचा किंवा नातेवाइकाच्या खर्चाचा कोड टाकतो. या कामासाठी भारतातली बँक कर्ज देऊ शकत नाही, आणि क्रेडिट कार्डावर बुकिंगची रक्कम भरणंही चालत नाही. स्टॉलवरची ती पावती इथेच अडकते. कुटुंबातले दोघं-तिघं मिळून घेत असतील तर प्रत्येकाने आपापल्या खात्यातून आपापल्या मर्यादेत पाठवायचे आणि करारात सगळ्यांची नावं घालायची. 'इथे रुपये द्या, बँकॉकला बाहत मिळतील' म्हणणारा एखादा ओळखीचा भेटेलच. तो हवाला आहे. त्यात फेमा, म्हणजे आपला परकीय चलनाचा कायदाही मोडतो आणि एफईटीही मिळत नाही.

हिशेब करून पाहू. ३५ चौरस मीटरचं युनिट, किंमत ४० लाख बाहत. सोयीसाठी बाहत पावणेतीन रुपयांना धरला तर १ कोटी १० लाख रुपये. एलआरएसमध्ये १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, बँक वसूल करते, म्हणजे एकट्याने पाठवले तर वर आणखी २० लाख बँकेत हवेत. नवरा-बायको निम्मे-निम्मे मालक असतील तर प्रत्येकी ५५ लाखांवर ९, दोघांचे मिळून १८. हा जास्तीचा कर नाही, रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत येतो, पण तोवर ती रक्कम अडकलेली असते. एप्रिलमध्ये पाठवले तर वर्षाहून जास्त, मार्चमध्ये पाठवले तर काही महिनेच. त्यामुळे तारीख जुळवता आली तर जुळवा.

तिथला खर्च: सरकारी मूल्यांकनावर २ टक्के नोंदणी फी, ती सहसा दोघं अर्धी-अर्धी वाटून घेतात, पण करारात लिहिलं असेल तरच. मूल्यांकन किमतीइतकंच धरलं तर ८० हजार, तुमच्या वाट्याला ४० हजार बाहत. राखीव निधी चौरस मीटरला ५०० धरला तर एकदाच १७,५००. देखभाल महिना ५० धरली तर वर्षाचे २१ हजार आगाऊ. विक्रेत्याने पाच वर्षांच्या आत विकलं तर ३.३ टक्के विशेष व्यवसाय कर, नंतर ०.५ टक्के मुद्रांक. हा त्याचा भार आहे, 'सगळा खर्च खरेदीदाराकडे' असं वाक्य करारात सरकवलं तर तो तुमचा होतो. थाई नागरिकांना नोंदणी फीत मिळणाऱ्या सवलती तुम्हाला लागू नाहीत, एजंटाने त्या धरून हिशेब दिला असेल तर तपासा.

नोंदणीचा दिवस आणि नंतर

जमीन कार्यालयात सकाळी साडेआठला पोचा, जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकतं. सोबत पासपोर्ट, एफईटी, नितिबुक्खोनची दोन्ही पत्रं आणि विक्रेत्याच्या नावाचा बँकेचा धनादेश. सगळं थाईत असतं, दुभाष्या लागतो. नव्या मालकी कागदावर तुमचं नाव थाई लिपीत लिहितात आणि कागद त्याच दिवशी हातात देतात. आपल्याकडे फेरफाराची वाट बघतो तशी बघावी लागत नाही. स्वतः जाता येत नसेल तर जमीन कार्यालयाच्याच छापील नमुन्यातलं मुखत्यारपत्र, नोटरी करून, थाई वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकित करून पाठवावं लागतं. आपल्या स्टॅम्प पेपरवरचं तिथे चालत नाही.

फ्लॅटमुळे व्हिसा मिळत नाही, हे पुष्कळांना खरेदीनंतर कळतं. जास्त राहायचं असेल आणि वय ५० च्या पुढे असेल तर निवृत्तांचा व्हिसा आहे, त्याला थाई बँकेत ८ लाख बाहत किंवा महिना ६५ हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं. भाडेकरू किंवा पाहुणा परदेशी असेल तर तो आल्यापासून २४ तासांत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी जागेच्या मालकाची. घरपट्टी किरकोळ आहे. स्वतःचं मुख्य घर नसलेल्या निवासी युनिटला ५ कोटी बाहतपर्यंत ०.०२ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात वर्षाला ८०० बाहत.

भारतात रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरायचा, भाडं एक रुपया आलं नसलं तरी. आयटीआर-१ चालत नाही. तक्त्याला कॅलेंडर वर्ष धरतात, एप्रिल-मार्च नाही. राहून गेलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि 'मला माहीत नव्हतं' हे कुणी ऐकून घेत नाही. भाड्यावर तिथे कर भरला तर दोन देशांतल्या करारानुसार इथे वजावट मिळते, पण कर भरल्याची थाई पावती हवी. विकताना युनिट २४ महिन्यांहून जास्त ठेवलेलं असेल तर नफ्यावर इथे १२.५ टक्के.

विकलेले पैसे थायलंडबाहेर काढताना बँक पुन्हा तोच एफईटी मागते. मूळ प्रत नागपूरच्या बँक लॉकरमध्ये, स्कॅन घरातल्या दोघांकडे. आणि फक्त त्या युनिटपुरतं एक थाई मृत्युपत्र तिथल्याच वकिलाकडून करून ठेवा. वारस परदेशी असेल आणि मालकीच्या अटींत बसत नसेल तर त्याला एका वर्षात युनिट विकावं लागतं. इथलं मराठी मृत्युपत्र थाईत भाषांतर करून, साक्षांकित करून, तिथल्या कोर्टात नेण्यातच ते वर्ष निघून जातं.